मायनिंग घेऊ की जिऑलॉजी?

पत्र

आदरणीय मॅडम,

मी वणी तालुक्यातल्या एका गावात राहते. यंदा बारावी सायन्स झाले. जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी दोन्ही दिल्या आहेत. मी शाळेत असताना आमचं बरंचसं वावर कोळसा खदानीत गेलं. दोन एकरांमागे एक नोकरी या हिशेबानं दादाला नोकरी लागली, तो आता डंपर चालवतो. उरलेल्या तुकड्यात आम्ही पराटी लावतो, पण खदान खोल गेली तशी विहीर आटली. आधी होळीपर्यंत पाणी पुरायचं, आता दिवाळी झाली की मोटर हवा ओढते. बाबा म्हणतात, खदानीनं पाणी नेलं. कंपनीचे लोक म्हणतात, पाऊस कमी झाला. खरं काय ते मला कळत नाही.

मला मायनिंग इंजिनिअरिंग करायचं आहे. दादा म्हणतो, खदानीत साहेबाच्या शब्दाला वजन असतं. पण बाबांनी बोलणंच टाकलंय. म्हणतात, ज्या खदानीनं वावर खाल्लं तिचीच चाकरी करशील? आत्या म्हणते, बाईला खाली उतरूच देत नाहीत. कोचिंगचे सर म्हणतात, कोळशाचे दिवस भरले, कॉम्प्युटर घे. कॉलेजच्या एका मॅडमनी बी.एस्सी. जिऑलॉजी सुचवलं. मला लहानपणापासून दगड जमवायची सवय आहे. ओबीच्या (कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडाच्या) ढिगाऱ्याजवळ सापडलेल्या एका दगडावर पानाचा छाप आहे, तो मी अजून जपून ठेवलाय. मी काय करू?

– एक विद्यार्थिनी, वणी तालुका

उत्तर

बेटा,

तुझं पत्र वाचताना मी पेन्सिल हातात घेतली. मायनिंगबद्दल तू जे लिहिलंस त्याखाली एका तऱ्हेची रेघ ओढली. पाणी, जमीन, दगड यांबद्दल लिहिलंस त्याखाली दुसऱ्या तऱ्हेची. मायनिंगच्या रेघा थोड्याच निघाल्या, आणि त्यातलंही बरंचसं दादाच्या तोंडचं आहे. तू स्वतः पाहिलेलं, मनात ठेवलेलं, अजून न सुटलेलं जे काही पत्रात आहे ते सगळं दुसऱ्या रेघेखाली आलं.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. मला वाटतं, तू जिऑलॉजीकडे जावंस. पण त्याला पैशाची एक मोठी अट आहे आणि ती तुझ्या घरात जमते की नाही हे मला इथून दिसत नाही. जमली नाही तर मायनिंग घे, आणि मन लावून घे. कोणी तुला कमी लेखणार नाही.

दोन्ही अभ्यासक्रमांची नावं एका दमात घेतली जातात, पण रोजचं काम फार वेगळं असतं. मायनिंग इंजिनिअर खाण चालवतो. रॉक मेकॅनिक्स, ब्लास्टिंग, व्हेंटिलेशन, सर्व्हे, मशिनरी आणि खाण कायदा हे त्याचे विषय. ओपनकास्टमध्ये, म्हणजे उघड्या खाणीत, शिफ्टला उभी राहिलीस की तुझ्यापुढे येणारे प्रश्न असे असतील: बेंच, म्हणजे खाणीची पायरी, ठरलेल्या उंचीची आहे का, हॉल रोडचा चढ डंपरला झेपतो का, ब्लास्टिंगआधी डेंजर झोनमधला शेवटचा माणूस बाहेर पडला का, पावसाळ्यात संपमधलं, म्हणजे तळाच्या खड्ड्यात साठलेलं, पाणी वेळेत उपसलं जातंय का, ओबीचा ढीग सरकायला लागलाय का. भूमिगत खाणीत गेलीस तर छत कुठं कच्चं आहे, मिथेन किती आहे, ताजी हवा अगदी शेवटच्या फेसपर्यंत, म्हणजे कोळसा तोडतात तिथपर्यंत, पोचते का. आणि या सगळ्याच्या जोडीला रोजचं टनेज. हे माणसं सांभाळण्याचं काम आहे. तुझ्या दादाचं म्हणणं बरोबर आहे, खाणीत मॅनेजरच्या शब्दाला वजन असतं, पण ते वजन कायद्यानं दिलेलं आहे आणि त्याचबरोबर जबाबदारीही दिलेली आहे. पदवीनंतर खाणीत प्रत्यक्ष काम करून, धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची परीक्षा देऊन आधी सेकंड क्लास आणि मग फर्स्ट क्लास मॅनेजरचं प्रमाणपत्र मिळवावं लागतं. लोक बोलताना नुसतं ‘फर्स्ट क्लास’ म्हणतात. त्या कागदाशिवाय मोठी खाण तुझ्या हाती कोणी देणार नाही.

ही जबाबदारी किती मोठी असते ते दोन घटनांवरून सांगते. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत जुन्या, सोडून दिलेल्या कामात साठलेलं पाणी फुटून आत आलं. पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली. पुढे १३ नोव्हेंबर १९८९ रोजी राणीगंजच्या महावीर खाणीत असंच पाणी घुसलं. तिथे जसवंतसिंग गिल या मायनिंग इंजिनिअरनं वरून भोक पाडून घेतलं, पोलादी कॅप्सूल बनवून घेतली, स्वतः तिच्यातून खाली उतरले आणि अडकलेल्या ६५ जणांना एकेक करून वर पाठवलं. आपल्या पायाखाली जुनी पोकळी कुठं आहे, माणसं नेमकी कुठल्या कोपऱ्यात असतील, हे नकाशावर अचूक असणं म्हणजे काय, ते या दोन खाणींवरून कळतं. सर्व्हेचा पेपर कंटाळवाणा वाटतो अशी तक्रार मुलं करतात तेव्हा मी त्यांना ह्या दोन तारखा सांगते.

असं काम वाचून तुझ्या अंगावर उत्साहाचा काटा येत असेल तर पुढचं माझं म्हणणं बाजूला ठेव आणि मायनिंगलाच जा. शिफ्ट, धूळ, माणसं, यंत्रं, क्षणात घ्यायचे निर्णय हे आवडणारी मुलंमुली असतात आणि त्यांची फार गरज आहे.

पण तुझा प्रश्न विहिरीचा आहे. तो नीट पाहू.

खाणीचा खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की आजूबाजूच्या खडकातलं पाणी त्याच्याकडे झिरपू लागतं. ते उपसलं नाही तर शॉवेल बुडेल, म्हणून उपसा करावाच लागतो. उपसा वर्षानुवर्षं चालला की भोवतालची पातळी उतरते. खड्ड्याजवळ जास्त, लांब गेलं की कमी. हा परिणाम किती लांब पोचेल हे खडक ठरवतो. तुमच्याकडे कोळसा ज्या थरांत आहे त्यांना बराकार म्हणतात, आणि त्यांच्या वर बऱ्याच ठिकाणी कामठीचा वालुकाश्म आहे. नागपूरजवळच्या कामठीचंच नाव त्याला मिळालेलं आहे. हा वालुकाश्म भरड असतो, पाणी चांगलं साठवतो आणि तितक्याच सहज सोडतोही. मध्ये शेलचा, म्हणजे चिखलापासून बनलेल्या खडकाचा, जाड थर आला तर पाणी अडतं. फॉल्ट, म्हणजे खडक सरकून पडलेली भेग, असेल तर कधी पाण्याला नवी वाट मिळते, कधी असलेली वाट बंद होते. म्हणजे एकाच गावात, खाणीपासून सारख्याच अंतरावरच्या दोन विहिरींचं नशीब वेगळं असू शकतं.

आता कंपनीचं म्हणणं घे. तेही तपासल्याशिवाय फेकून देता येत नाही. पाऊस खरंच कमी झाला का? गावात या काळात किती नव्या बोअर झाल्या? कोणी कापूस सोडून जास्त पाण्याचं पीक घेतलं का? बाबांवर माझा विश्वास आहे, त्यांनी ती विहीर उभ्या आयुष्यात पाहिली आहे. तरी उत्तर मोजूनच काढावं लागेल, आणि ते तू आत्तासुद्धा काढायला लागू शकतेस. कॉलेज सुरू होण्याची वाट बघायचं कारण नाही.

गावातल्या आणि शेजारच्या गावातल्या दहा-बारा विहिरी निवड. काही खाणीला लागून, काही चांगल्या लांबच्या. काठावर खडूनं एक खूण कर आणि त्या खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर टेपनं मोज. मोटर बंद होऊन रात्र उलटल्यावर, सकाळीच मोज, नाहीतर उपशाचाच आकडा मिळेल. एकदा पावसाळा तोंडावर असताना, एकदा पावसाळा संपल्यावर, आणि जमलं तर मधल्या महिन्यांतही. वहीत तारीख, विहिरीची खोली, आत कुठला दगड दिसतो ते लिही. विहिरीच्या भिंतीत खडकाचे थर उघडे पडलेले असतात, शिकणाऱ्याला त्याहून चांगलं पुस्तक नाही. केंद्रीय भूजल मंडळ देशभरातल्या निरीक्षण विहिरींत वर्षातून चारदा हेच करतं. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्याही निरीक्षण विहिरी आहेत. तिच्या यवतमाळच्या कार्यालयात जा, तुमच्या तालुक्यातल्या विहिरींच्या जुन्या नोंदी माग, सोबत तहसीलमधून पावसाचे आकडे घे. पाऊस सगळीकडे सारखा पडूनही खाणीजवळच्या विहिरी लांबच्यांपेक्षा खूप जास्त उतरल्या असतील, तर बाबांच्या म्हणण्याला बळ मिळतं. सगळ्याच सारख्या उतरल्या असतील, तर कंपनीच्या. दोन्ही कारणं थोडीथोडी निघण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते. बाबांना न आवडणारं उत्तरही निघू शकतं, त्याची तयारी ठेव.

या विषयाला हायड्रोजिऑलॉजी म्हणतात आणि तो जिऑलॉजीच्या पोटात येतो. मायनिंगच्या पदवीतही भूजल येतं, पण खड्ड्यातलं पाणी बाहेर कसं काढायचं या बाजूनं जास्त येतं. तू विचारतेस ती विहिरीच्या बाजूनं.

यात आणखी एक गोष्ट तुझ्या घराशी थेट जोडलेली आहे. खाण सुरू करताना किंवा वाढवताना जनसुनावणी होते. बाबा कदाचित मंडपात बसून आले असतील. त्या सुनावणीआधी पर्यावरण आघाताचा अहवाल तयार होतो आणि २००६ च्या अधिसूचनेनुसार त्याचा सारांश स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, द्यावा लागतो. त्या अहवालात भूजलाचं एक प्रकरण असतं. खाणीचा परिणाम किती अंतरापर्यंत जाईल, कोणत्या गावांच्या विहिरींवर नजर ठेवायची, हे त्यात लिहिलेलं असतं. ते प्रकरण एखादा जिऑलॉजिस्ट लिहितो. तो कधी तुमच्या गावच्या विहिरीत डोकावला होता का, यावर त्या पानांची किंमत ठरते. ती पानं लिहिणारी, किंवा दुसऱ्यानं लिहिलेली पानं वाचून त्यात चूक कुठं आहे ते सांगणारी मुलगी वणी तालुक्यातून आली तर मला फार आनंद होईल. हे मी तुला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला लिहीत नाही. ही गरज खरीच आहे.

तुझ्या पानाच्या दगडाबद्दल. फोटो पाठवला नाहीस, त्यामुळे खात्रीनं बोलत नाही. उन्हात तिरपा धरून बघ: पान जिभेच्या आकाराचं आहे का, मधोमध ठळक शीर आहे का, आणि तिच्या दोन्ही बाजूंना जाळीसारख्या बारीक शिरा आहेत का? तसं असेल तर ते ग्लॉसोप्टेरिस असण्याची दाट शक्यता आहे. तुमच्याकडचा कोळसा ज्या दलदलीत साठला तिथल्या झाडांपैकी हे एक मुख्य झाड, पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीचं. हेच पान आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात आणि अंटार्क्टिकातही सापडतं, कारण तेव्हा हे सगळे भूभाग एकत्र होते. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना रॉबर्ट स्कॉट आणि त्यांचे साथीदार बर्फात मेले, तेव्हा त्यांच्या सामानात सोळा किलोच्या आसपास दगड सापडले. त्यांत ग्लॉसोप्टेरिसचे जीवाश्म होते. अंगात त्राण नसतानाही त्यांनी ते टाकले नव्हते. तू तो दगड ओबीच्या ढिगाऱ्याजवळून उचललास. त्यावर कागदाची चिठ्ठी चिकटव: कुठं सापडला, कधी सापडला. ठिकाण लिहिलेलं नसेल तर जीवाश्माची अर्धी किंमत जाते.

आणि तू ज्या भागात राहतेस त्याचं तुला भान आहे का? राजूरच्या चुनाभट्ट्यांचा चुनखडक पैनगंगा गटाचा, शंभर कोटी वर्षांच्या आगेमागचा. त्यावर कोळशाचे थर. त्यावर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा काळा दगड. शिबला-पार्डीला तो खांबांच्या रूपात उभा राहिलेला आहे. तिकडे वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला डायनोसॉरची हाडं निघतात. इतक्या थोड्या प्रवासात इतका काळ ओलांडता येतो अशी जागा शोधायला लोक लांबून येतात. पुण्या-मुंबईच्या मुलांना सहलीत एकदाच बघायला मिळेल ते तू सायकलवर जाऊन बघू शकतेस.

आता पैशाची अट. मायनिंगची पदवी चार वर्षांची. त्यानंतर नोकरीची वाट तुलनेनं सरळ आहे. कोल इंडियानं अलीकडच्या वर्षांत मॅनेजमेंट ट्रेनी गेट या परीक्षेच्या गुणांवर घेतले, आणि खासगी खाणीही कॉलेजमधून मुलं घेतात. जिऑलॉजीत बी.एस्सी.वर भागत नाही. एम.एस्सी. करावीच लागते, म्हणजे पाच वर्षं, आणि मग परीक्षांची तयारी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळ यांच्या जागा यूपीएससीच्या कम्बाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षेतून भरतात आणि तिला एम.एस्सी. लागते. पहिल्या वर्षी निवड झाली नाही तर आणखी एक वर्ष. दादाच्या पगारावर घर चालतंय. आणखी दोन-तीन वर्षं तुझ्या कमाईवाचून ते चालेल का, हा प्रश्न बाबांना विचारण्याआधी दादाला विचार. त्याची नोकरी जमिनीच्या बदल्यात आली आहे, त्या जमिनीत तुझाही वाटा होता. तुझ्या शिक्षणाचा हिशेब त्याच्याशी उघडपणे बोलायला संकोच करू नकोस.

नोकऱ्यांच्या बाबतीत एक मोठी सोय तुला आहे, ती म्हणजे नागपूर. इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय तिथं, मँगनीज काढणाऱ्या मॉयलचं तिथं, वेस्टर्न कोलफील्ड्सचं तिथं, खनिजांसाठी ड्रिलिंग करणाऱ्या एमईसीएलचं तिथं, राज्याच्या भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालयाचं तिथं. कोळशाच्या खाणींचं नियोजन करणाऱ्या सीएमपीडीआयची प्रादेशिक संस्थाही तिथं आहे. या सगळ्यांना जिऑलॉजिस्ट लागतात. याशिवाय धरणं, बोगदे, मेट्रो यांच्या पायाखालचा खडक तपासणारे, भूकंपाचा अभ्यास करणारे. कोयनेचं गूढ उलगडायला तीन किलोमीटर खोल भोक पाडून कराडच्या प्रयोगशाळेत त्यावर काम चालतं, तेही याच विषयातले लोक करतात. कोळसा सोडून जिऑलॉजीला बरंच जग आहे. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: जिऑलॉजिस्ट सल्ला देतो, खाण चालवत नाही. तुझा अहवाल बरोबर असूनही बाजूला ठेवला जाईल असे दिवस येतील. तेव्हा दादाचं ‘साहेबाच्या शब्दाला वजन’ हे वाक्य तुला टोचेल. ज्याला हे सहन होणारच नाही त्यानं मायनिंगमध्येच जावं.

कॉलेजबद्दल. जेईईचा रँक चांगला असेल तर नागपूरच्या व्हीएनआयटीतलं मायनिंग उत्तम. तिथं निम्म्या जागा राज्यातल्या मुलांसाठी असतात, शिवाय एनआयटींमध्ये मुलींसाठी वाढीव जागा आहेत. ॲडव्हान्स्डला पात्र ठरलीस तर धनबादच्या १९२६ सालच्या संस्थेत मायनिंगही आहे आणि ॲप्लाइड जिऑलॉजीही. ती आता आयआयटी आहे आणि तिथं ॲप्लाइड जिऑलॉजी मिळालं तर तुझी निम्मी अडचण सुटली, डोळे मिटून घे. सीईटीवर चंद्रपूरकडच्या कॉलेजांत मायनिंग मिळू शकतं. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरातल्या मुलींना कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार भरतं. २०२४ पासून हे पूर्ण माफ आहे. उत्पन्नाचा दाखला आजच काढून ठेव.

बी.एस्सी. जिऑलॉजीसाठी अमरावती आणि नागपूर ही तुला जवळची ठिकाणं. तिथं जाऊन प्राचार्यांना भेटण्यापेक्षा तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठ. त्यांना विचार, पोलरायझिंग मायक्रोस्कोप चालू आहेत का, खडकांचे पातळ छेद स्वतः पाहायला मिळतात का, फील्डवर दरवर्षी किती दिवस नेतात, थरांचा उतार मोजायचा क्लिनोमीटर कंपास प्रत्येकाच्या हातात येतो की एकच सगळ्यांत फिरतो. फील्ड न करवणाऱ्या कॉलेजातलं जिऑलॉजी घेऊ नकोस, मग त्यापेक्षा मायनिंग बरं. मायनिंगच्या कॉलेजातही हेच विचार: खाणीत खरंच नेतात का, आणि शिकवणाऱ्यांपैकी कोणी खाणीत काम केलेलं आहे का. शेवटच्या फेरीत उरलेली सीट म्हणून मायनिंगला आलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या चार वर्षांची मला फार काळजी वाटते.

आत्यांना सांग की त्यांचं म्हणणं काही वर्षांपूर्वीपर्यंत खरं होतं. १९५२ च्या खाण कायद्यानं बायकांना भूमिगत कामाला मनाई होती. त्याच्याही आधी, इंग्रजांच्या काळात, बायका खाणीत उतरतच होत्या. मग बंदी आली, युद्धात कोळसा कमी पडला तेव्हा १९४३ साली ती उठवली, १९४६ साली पुन्हा लावली. २०१९ च्या जानेवारीत केंद्र सरकारनं अधिसूचना काढली: तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामासाठी, सतत खाली थांबण्याची गरज नसेल तिथं, सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत स्त्रिया भूमिगत खाणीत जाऊ शकतात. ओपनकास्टमध्ये रात्रपाळीही करू शकतात. लेखी संमती हवी आणि पाळीत किमान तिघी हव्यात. २०२० साली संसदेनं मंजूर केलेल्या कामगार सुरक्षा संहितेत तर सगळ्याच कामांची दारं स्त्रियांना उघडली आहेत. २०२१ साली आकांक्षा कुमारी ही झारखंडची मुलगी सेंट्रल कोलफील्ड्सच्या चुरी या भूमिगत खाणीत रुजू झाली. सिंदरीच्या बीआयटीतून मायनिंग केलेली आणि आधी राजस्थानात जस्ताच्या खाणीत काम केलेली. जिऑलॉजीतलं नाव हवं असेल तर सुदीप्ता सेनगुप्ता. १९८३ साली अंटार्क्टिकाला गेलेल्या भारतीय मोहिमेत त्या होत्या, आणि त्यांच्यासोबत आपल्या नागपूरच्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत. अडचणी मी लपवत नाही. साइटवर बायकांसाठी धड स्वच्छतागृह नसणं ही आजही खरी अडचण आहे, आणि फील्डला जाणाऱ्या मुलीच्या घरच्यांना काळजी वाटणं स्वाभाविक आहे. पण ‘उतरूच देत नाहीत’ हे आता खरं नाही.

तुझ्या कोचिंगच्या सरांना माझं उत्तर थोडक्यात. २०२४-२५ या वर्षात भारतानं १०० कोटी टनांहून जास्त कोळसा काढला. देशानं निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी २०७० चं साल धरलेलं आहे, आणि तू निवृत्तीच्या वयाला येशील तेव्हा ते साल जवळच आलेलं असेल. मधल्या काळात काही खाणी चालतील, काही बंद होतील. खाण शास्त्रशुद्ध बंद करणं हे स्वतःच मोठं काम आहे: खड्डा किती भरायचा, वरची काळी माती वेगळी ठेवली होती का, ओबीचे ढीग स्थिर आहेत का, खड्ड्यातल्या पाण्याची प्रत कशी आहे. २००९ पासून कोळसा खाणींना बंद करण्याची योजना आधीच द्यावी लागते आणि त्यासाठी पैसे वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. वेस्टर्न कोलफील्ड्सनं नागपूरकडे ओबीतून वाळू वेगळी काढून दाखवली, तीही याच विद्येतली गोष्ट. तुला कॉम्प्युटर आवडत असेल तर तो विषय घे, नोकरीच्या भीतीनं घेऊ नकोस.

बाबांचं काय करायचं हे सगळ्यात अवघड. त्यांनी दादाच्या नोकरीला नाही म्हटलं नाही, कारण ती नोकरी जमिनीचा मोबदला म्हणून आली. तुझी नोकरी तू स्वतःहून मागतेस असं त्यांना दिसतंय, म्हणून ते दुखावले आहेत. त्यांच्याशी पगाराबद्दल बोलू नकोस. त्यांना विहिरी मोजायला सोबत ने. कुठली विहीर कधी खणली, पहिल्यांदा कुठली आटली, कुठल्या वर्षी पाऊस किती झाला, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्यांच्याकडून ते सगळं विचारून तुझ्या वहीत लिही. शिक्षणाचा विषय काढूच नकोस, निदान पहिले काही दिवस. आणि एवढं करूनही ते नाहीच म्हणाले, तर तुझा निर्णय तुला घ्यावा लागेल, आणि तो घेतलास तरी तू त्यांच्या विरोधात गेलीस असं मी मानणार नाही.

अर्जांचं म्हणशील तर दोन्हीकडे भर. इंजिनिअरिंगच्या फेऱ्या लांबतात आणि बी.एस्सी.चे प्रवेश कॉलेजांच्या पातळीवर वेगळे चालतात, त्यामुळे एकाची वाट बघत दुसरं हातचं घालवू नकोस. बी.एस्सी.ची फी भरताना, नंतर नाव काढलं तर किती परत मिळते ते पावती घेण्याआधीच विचारून घे. व्हीएनआयटीच्या मायनिंगला आणि धनबादच्या जिऑलॉजीला यादीत वर ठेव. फॉर्म लॉक करण्याच्या आदल्या रात्री दादाला शेजारी बसवून यादी पुन्हा एकदा बघ. घरचा हिशेब त्यालाच माहीत आहे.